तोतारामनानांच्या तोंडाचा वास

माझा चटकन कोणावर विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. हा दोष माझा नव्हे, धंद्याचा आहे. जळगावात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी तेवीस वर्षं कंपाउंडर होतो. लोक डॉक्टरांशी खोटं बोलतात ते निदान लाजत लाजत. कंपाउंडरशी बेधडक बोलतात. पथ्य पाळलं म्हणून गळ्याला हात लावून सांगणाऱ्याच्या मिशीला तुरीच्या वरणाची फोडणी लागलेली मी पाहिली आहे. खोकल्याच्या औषधात थोडं स्पिरिट असतं हे एकदा गावात कळलं, तेव्हा निम्म्या पेठेला खोकला झाला होता. तेव्हापासून कोणी खिडकीशी येऊन खोकला की मी आधी त्याच्या डोळ्यांकडे बघायचो.

तोतारामनाना खिडकीशी येत ते मात्र औषधासाठी नव्हे. दिवेलागणीला, मी कंदिलाची काच पुसत असताना, ते सायकलवाल्याच्या दुकानापाशी चपला काढून ठेवत, देवळात जावं तसे अनवाणी पायरी चढत, टोपी नीट करत आणि खिडकीच्या गजांना नाक लावून माझ्या तोंडावर जोरात श्वास सोडत.

‘‘हाऽऽऽ.’’

मी वास घ्यायचा. काही नसलं की ‘‘बरं,’’ म्हणायचं. मग ते ‘‘राम राम कंपोडरभाऊ,’’ म्हणून चपला घालून निघून जात. लढाई सुरू व्हायच्या आधीच्या एका सालात हा विधी जवळजवळ वर्षभर रोज चालला. रांगेतल्या बायाबापड्यांना वाटायचं, या माणसाला काहीतरी भयंकर छातीचा आजार आहे आणि कंपाउंडर तो नाकाने ओळखतो. दोघांनी तर मला त्यांचाही श्वास हुंगायची विनंती केली होती.

त्याचं असं झालं. नाना बोदवडकडचे, शेतकरी घरातले. उंच, हाडकुळे, मान जरा पुढे काढून चालणारे. जळगावात स्टेशनाजवळ एका बागायतदाराची केळीची वखार होती. कच्चे घड बंद खोलीत रचायचे, वर पाला घालून धूर द्यायचा, पिकत आले की उतरवायचे, ते काम नानांकडे. कामात हात धरणारा कोणी नव्हता. अंधाऱ्या खोलीत नुसता हात फिरवून कोणता घड उद्याचा आणि कोणता परवाचा ते सांगायचे. पण संध्याकाळ झाली की पाय गुत्त्याकडे वळायचे. मोहाची प्यायची, रोज, आणि भरपूर.

नानांनी दारू सोडली नव्हती असं मात्र कोणी म्हणू नये. त्यांनी ती चार वेळा सोडली होती, चार देवळांत, हातावर पाणी घेऊन. शपथ मोडायची नाही हा त्यांचा बाणा. म्हणून ते शपथच अशी बेताची घेत की तिच्यातून वाट राहील. पहिल्यांदा ‘मोहाची पिणार नाही’ म्हणाले, मग वर्षभर शिंदी प्याले. दुसऱ्यांदा ‘गुत्त्यात पिणार नाही’ म्हणाले, आणि गुत्त्यासमोरच्या निंबाखाली बसून प्याले. तिसरी शपथ स्वतःच्या पैशाने न पिण्याची होती. त्या काळात त्यांचा मित्रपरिवार फार वाढला. चौथीचं काय झालं ते मला सांगितलं नाही, पण तिचा विषय निघाला की त्यांना हसू आवरत नसे.

बायको भागाबाई, चोपड्याची. मूलबाळ नव्हतं. पंधरा वर्षं तिने हे काढलं. मग एका आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी जातात तशी तीही गेली, झोके घेतले, गाणी म्हटली, आणि सण संपल्यावर परत येणाऱ्या बायांच्या गाडीत ती बसलीच नाही. भांडण नाही, निरोप नाही. नानांनी पंधरा दिवस वाट पाहिली, मग चोपड्याला गेले आणि पाचवी शपथ घ्यायला तयार झाले.

तिथे गाठ पडली आबांशी. आबा म्हणजे भागाबाईचा थोरला भाऊ. संशयाच्या बाबतीत मी स्वतःला बरा समजत होतो, पण आबांपुढे मी शाळकरी पोर. दूधवाल्याने दूध घातलं की आबा त्याला त्यातलं घोटभर आधी प्यायला लावत. ते म्हणाले, ‘‘शपथ नको. तुमच्या शपथेले दरवाजे लई. पुढच्या आखाजीपावतर रोज कोनी तरी तुमचा वास घेईन अन् मले महिन्याले कार्ड टाकीन. एक दिवस जरी चुकला, तं बहीन आठीच, चोपड्याले राहीन.’’

आता वास घेणारा माणूस कोण? तो नातेवाईक नको, पिणारा नको, मित्र नको आणि दयाळू तर मुळीच नको. आबा पाठीवरचं गळू कापून घ्यायला एकदा आमच्या दवाखान्यात येऊन गेले होते. त्या वेळी मी त्यांनाच, ‘‘गळू खरंच दुखतं का, की रजेचा दाखला हवाय?’’ असं विचारलं होतं. शेतकऱ्याला कसली आली रजा! पण आबांच्या मनात मी भरलो तो तेव्हाच.

पहिल्या दिवशी नाना आले तेव्हा त्यांना भरघोस मिशा होत्या. मी वास घेतला आणि म्हणालो, ‘‘मिशांत वास अडकतो. कालचा आहे की आजचा, सांगता येत नाही.’’ मला वाटलं, माणूस इथेच मागे फिरेल. दुसऱ्या दिवशी नाना आले ते मिशा सफाचट करून.

‘‘घ्या,’’ ते म्हणाले. ‘‘आता काय अडकाचं राह्यलं नही.’’

पण आपल्याकडे मिशा कधी काढतात ते नाना विसरले आणि मलाही सुचलं नाही. बाजारात त्यांच्या नात्यातला, दुसऱ्या गावचा कोणी आला होता. त्याने नानांना पाहिलं, डोक्यावर टोपी, तोंडावर मिशी नाही. तो काही न विचारता हळहळत गावी गेला. तिसऱ्या दिवशी नानांच्या गावच्या घरापुढे दोन बैलगाड्या भरून पाहुणे उतरले. बायांनी वेशीपासूनच सूर लावला होता. ओट्यावर नानांचे वडील विडी ओढत बसले होते. ‘‘कोन गेलं?’’ त्यांनी विचारलं. कोणाला काय सांगावं सुचेना. शेवटी एका म्हातारीने डोळे पुसत सांगितलं, ‘‘तुमीच.’’

वडिलांनी जळगाव गाठलं. वखारीत शिरून त्यांनी मुलाला जोड्याने बडवलं, आणि मग तो मिशा का काढून बसलाय ते ऐकल्यावर हातातला जोडा पायात घातला. जाताना दवाखान्याच्या खिडकीशी आले. मला वाटलं, आता आपली पाळी. म्हातारा म्हणाला, ‘‘वाढू नका देऊ त्याले मिशा. मी मेलो तरी चालीन.’’

नाना विचित्रच होते. दारू सोडल्यावर माणूस दुसऱ्यांना टाळतो. नाना स्वतःलाच टाळत. वखारीतून घरी जायचा सरळ रस्ता गुत्त्यावरून होता. म्हणून ते मेहरूणच्या तळ्याकडून वळसा घालून येत, चांगला दीड कोसाचा. मी म्हटलं, ‘‘एवढं कशाला? गुत्त्याकडे बघायचं नाही म्हणजे झालं.’’ तर म्हणाले, ‘‘भाऊ, मी नही पाहात. माह्या पायाले डोये हायेत.’’ घरातला पितळी गडवा त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकला, कारण त्याच गडव्यातून ते प्यायचे. पाणी ओंजळीने प्यायला लागले. संध्याकाळी मोहाची आठवण आली की गूळ खात. त्या वर्षी त्यांनी इतका गूळ खाल्ला की दोन दाढा काढाव्या लागल्या. चिमट्याने दाढ ओढायच्या आधी, जरा बधिर व्हावी म्हणून, हिरडीला स्पिरिटचा बोळा लावायची डॉक्टरांची पद्धत होती. नानांनी तोंड गच्च मिटून घेतलं. ‘‘तसंच वढा,’’ म्हणाले. ‘‘संध्याकाई वासाचं भलतंच व्हईन.’’

तसंच ओढलं. मी त्यांचे खांदे धरले होते, आणि त्या दिवशी प्रथम माझ्या मनात आलं की हा माणूस कदाचित खरं बोलत असेल. लगेच मी ते मनातून काढून टाकलं.

थंडीच्या दिवसांत एकदा पहाटे माझ्या घराच्या कडीचा आवाज झाला. दार उघडतो तो नाना, डोक्यावर घोंगडी. ‘‘भाऊ, वास घ्या,’’ म्हणाले. मी झोपेत होतो. म्हटलं, ‘‘संध्याकाळी घेतला होता ना?’’

‘‘राती मी पेलो.’’

‘‘कुठे?’’

‘‘सपनात.’’

मी दार लावून घेणार होतो. पण त्यांनी दारात पाय घातला. स्वप्नात ते निंबाखाली बसले होते, गडवा भरलेला होता, आणि घोट घशातून उतरताना आग झाली ती जागे झाल्यावरही घशात होती. आता ते खरं की स्वप्न, त्यांना कळेना. मी वास घेतला. काही नव्हतं, तोंड धुतलं नव्हतं त्याचा होता तेवढाच. ‘‘नाही प्यायलात,’’ मी म्हटलं. नाना उंबऱ्यावर मटकन बसले आणि पोरासारखे रडले. ‘‘मले वाटलं, आठ महिने गेले पान्यात.’’ माझ्या बायकोने त्यांना चहा करून दिला. त्यानंतर तीन-चारदा तरी असं पहाटे झालं. दर वेळी ते गुन्हा कबूल करायला येत, आणि मी त्यांना निर्दोष सोडून परत पाठवी.

अशी दहा कार्डं मी आबांना टाकली. प्रत्येकावर एकच ओळ: ‘वास आला नाही.’ आबांचं उत्तर कधी आलं नाही. एकदा फक्त त्यांनी विचारलं, ‘तुम्हास सर्दी तर नाही ना?’

आणि मग फाल्गुनात, आखाजीला महिना-सव्वा महिना उरला असताना, तो दिवस आला.

संध्याकाळी नाना खिडकीशी आले. चपला काढल्या नाहीत. मान खाली. ‘‘हाऽऽ’’ म्हणाले ते नेहमीसारखं दणदणीत नव्हतं. मी वास घेतला, आणि तो आला. आंबूस, गोडसर, घशात धरणारा. स्पिरिटाच्या बाटल्या पंधरा वर्षं हाताळलेल्या माणसाला तो ओळखायला दोनदा हुंगावं लागत नाही.

‘‘नाना,’’ मी म्हटलं, ‘‘प्यायलात.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. शपथ घेतली नाही, देवाचं नाव काढलं नाही. वळले आणि निघून गेले. ‘राम राम’ही नाही.

मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. दहा महिने मी वाट पाहत होतो आणि माझा अंदाज खरा ठरला होता. त्याच वेळी कार्ड लिहिलं: ‘आज वास आला.’ आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वखारीत गेलो. बाटली शोधायला, दुसरं काय. नाना कुठे बाहेर गेले होते. दार उघडलं तर आत अंधार, ऊब आणि तोच वास. आठवडाभर आगगाडीच्या वाघिणी मिळाल्या नव्हत्या म्हणून माल अडकला होता. उष्म्याने घडच्या घड पिकून फुटले होते, रस गळून जमिनीवर आंबला होता आणि माश्या घोंगावत होत्या. मी पाला उचलून, पेंढा उपसून, भिंतीच्या कोनाड्यात हात घालून तासभर बाटली शोधली. मिळाली नाही. घरी गेलो, ओट्यावर पाय धुतले, आणि बायकोने पाट मांडता मांडता हात थांबवला.

ती धुळ्याकडची. एरवी माझ्याशी साधं बोलते, पण राग आला की तिची अहिराणी बाहेर पडते.

‘‘कोठे गयथात तुम्ही?’’

‘‘कामाला.’’

‘‘बठ्ठा कपडास्ले दारूना वास ई राहिना. तोंडले बी शे. माले येडी समजतस का?’’

मी हसलो, ते आणखी वाईट झालं. त्या दिवशी मी कोरडी भाकरी खाल्ली. पण घास गिळता गिळता लख्ख प्रकाश पडला. एक तास त्या खोलीत राहून जर माझ्या तोंडाला दारूचा वास येतो, तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे राबणाऱ्या माणसाचं काय? मी एका निर्दोष माणसाचा संसार एका ओळीत मोडला होता.

तसाच उठून धावलो. नाना वखारीबाहेर सडकी केळी टोपलीत भरत होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि हात जोडले. आयुष्यात मी डॉक्टरांपुढेही हात जोडले नव्हते. म्हणालो, ‘‘नाना, चूक माझी. वास केळ्यांचा होता. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. माफ करा.’’

नाना टोपली धरून तसेच उभे राहिले. मग एकदम तोंड फिरवून त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याने डोळे पुसले. ‘‘मी आजच आबांना दुसरं कार्ड टाकतो,’’ मी म्हटलं.

‘‘नका टाकू, भाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘जे झालं ते झालं.’’

केवढं मोठं मन, असं मला वाटलं. इतकं वाटलं की घरी येऊन ते बायकोला तीनदा सांगितलं. दुसरं कार्ड मी टाकलंच, आणि ते एका ओळीचं नव्हतं. पुढचं-मागचं सगळं लिहिलं: वाघिणी, उष्मा, केळी, माझी बायको. उलट टपाली उत्तर आलं. आबांनी लिहिलं होतं: ‘पहिले पत्र पोचले. दुसरे पोचले. आपण स्वतः केव्हापासून घेऊ लागलात?’

म्हणजे संपलंच. माझ्या शब्दाला चोपड्यात आता किंमत नव्हती. नाना तरीही रोज येत. मी म्हणायचो, ‘‘आता कशाला?’’ ते म्हणायचे, ‘‘घ्या तं खरं.’’ त्या दिवसांत ते वखारीतून निघाल्यावर विहिरीवर आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून येऊ लागले. मी नाक पुढे करायचो, पण मान खाली घालून.

आखाजीला चार दिवस होते. दुपारी चोपड्याच्या सर्व्हिस मोटारीतून एक बाई उतरली ती सरळ दवाखान्यात आली. सावळी, ठेंगणी, नाकात मोठी नथ, काखेत गाठोडं. हातात माझीच दोन कार्डं. तिला वाचता येत नव्हतं, पण कोणतं आधी आणि कोणतं नंतर ते तिने कोपरा दुमडून ठेवलं होतं. मी न विचारताच ओळखलं.

‘‘तुमीच का कंपोडर?’’ भागाबाईने विचारलं. ‘‘ह्यातलं खरं कोनतं?’’

‘‘दुसरं,’’ मी छातीवर हात ठेवून म्हटलं. ‘‘अगदी देवाशपथ दुसरं.’’

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ‘‘तुमी चांगले मानूस हायेत,’’ म्हणाली. पेशंटला ‘‘बरं वाटेल’’ म्हणतो तसं काहीसं म्हणाली. आणि वखारीचा रस्ता विचारला.

मीच दाखवायला गेलो. ती आत गेली, मी बाहेर उभा राहिलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा तिचा आवाज आला, एकच प्रश्न असावा तसा, छोटा. मग नाना काहीतरी बोलले, तेही थोडंच. एका माणसाचं घर आत तराजूत होतं आणि त्यात चुकीचं माप टाकणारा मी बाहेर उभा.

भागाबाई बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला. डोळे लाल, पण चेहरा असा, की बाजारात मनासारखी वस्तू मिळाली असावी. म्हणाली, ‘‘केरसुनी कुठी मियते आठी? ह्या मानसाच्या घरात वर्सभर झाडलेलं नसीन.’’

ती राहिली. आखाजीला माहेरी गेली नाही, हे त्या बाजूला मोठंच आश्चर्य झालं. आबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. दर आखाजीला स्वतः येत, आणि मेव्हण्याला कडकडून मिठी मारत. गावाला वाटे, काय प्रेम! मला ठाऊक होतं, आबा नानांच्या मानेपाशी नाक नेऊन दोन लांब श्वास घेत.

मी माझ्या परीने प्रायश्चित्त घेत राहिलो. नाना किंवा भागाबाई दवाखान्यात आले की रांग मोडून त्यांना आधी औषध. मेथीची गड्डी आली घरी, तर अर्धी तिकडे. कोणी पिणाऱ्यावर आळ घेतला की मी म्हणायचो, ‘‘थांबा, आधी चौकशी करा, मी एकदा एका निर्दोष माणसाचा गळा कापलाय.’’ ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की माझी बायको कान झाकून घेऊ लागली. सात-आठ वर्षं गेली. नाना परत प्यायले नाहीत. हे मी विश्वासाने सांगत नाही, रोज पाहून सांगतो.

लढाई संपता संपता नानांच्या गावी शेती पाहायला कोणी उरलं नाही, म्हणून ते बिऱ्हाड हलवून निघाले. मी स्टेशनावर पोचवायला गेलो. फलाटावर दोन ट्रंका, एक पोतं, आणि पोत्यावर बसलेली भागाबाई. गाडीला उशीर होता. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘‘नाना, जाताना एकदा मनापासून सांगा, त्या कार्डाबद्दल मला माफ केलंत ना?’’

नानांनी भागाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘‘सांगून टाका आता. किती दिवस मेथी खासान त्याहिची?’’

नाना माझ्या जवळ आले. ‘‘भाऊ,’’ म्हणाले, ‘‘तुमचं पहिलं कार्ड खरं व्हतं.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘ते दिवशी मालकानं चार मानसात माह्या बापाचा उद्धार केला. माल सडला त्यात माहा काय गुन्हा? मी मेहरूनचा फेरा नही घेतला. सरय गेलो. एक गडवाभर पेलो अन् तुमच्या खिडकीशी आलो. वाटलं, संपू द्या एकदाचं.’’

‘‘आणि मी हात जोडले तेव्हा?’’ माझा आवाज चढला. ‘‘तेव्हा तोंड शिवलं होतं का?’’

‘‘तुमच्यासारका मानूस, जो बापावर भरवसा नही ठेवत, त्यानं माह्यापुढी हात जोडले. माह्याच्यानं बोलवलं नही. पन ते दिवसापासून मी ठरवलं, ह्या मानसाचं दुसरं कार्ड खोटं पडू द्याचं नही.’’

मी भागाबाईकडे वळलो. ‘‘तुम्हाला हे कधी कळलं?’’

‘‘वखारीत,’’ ती म्हणाली. ‘‘मी इचारलं, पेलते का? पंधरा वर्सं इचारत व्हती, पंधरा वर्सं नही म्हनत व्हते. ते दिवशी पयल्यांदा व्हय म्हनले. मंग मी केरसुनी आनली.’’

मी संतापलो. खरोखर संतापलो. आठ वर्षांचं प्रायश्चित्त, रांगा मोडल्या, बायकोकडून कोरडी भाकरी खाल्ली. त्या सगळ्या प्रकरणात खरं माहीत नसलेला मी एकटाच होतो, आणि साक्षीदार म्हणून नेमलेलाही मीच. नाना घाबरून माझ्याकडे पाहत होते, गुत्त्यापाशी पकडलेल्या माणसासारखे. तेवढ्यात गाडी आली आणि हमालांची पळापळ सुरू झाली. ट्रंका चढल्या, पोतं चढलं. भागाबाईने खिडकीची जागा धरली आणि नानांना आत ओढून घेतलं.

गाडी हलली तरी नाना माझ्याकडेच बघत होते. हात वर करावा की नाही, अशा बेतात. मी अजून रागातच होतो. पण डबा फलाटाच्या टोकाशी गेला तेव्हा मी धावलो, आणि ओरडलो, ‘‘दुसरंच खरं होतं, नाना! दुसरंच!’’ त्यांना ऐकू गेलं असावं. त्यांनी टोपी काढून दोन्ही हातांत धरली, आणि गाडी वळेपर्यंत ती डोक्यावर ठेवली नाही.